दवाखान्यात गेला म्हणून खून टळत नाही
सोलापुरात कोर्टाच्या आवारात हमखास ऐकू येतं: जखमी सिव्हिलमध्ये वीस दिवस जगला, मग जंतुसंसर्गाने गेला, म्हणजे खुनाचं कलम उडालं. साफ चूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० चं दुसरं स्पष्टीकरण सांगतं की, योग्य उपचारांनी जीव वाचला असता तरी मृत्यू जखम करणाऱ्याच्याच माथी. (गुन्हा १ जुलै २०२४ आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९९, तिथेही हेच.) दिवसांची मुदत कुठेच नाही.

खरी लढत शवविच्छेदनावर. पोटात भोसकल्याच्या जखमेतूनच सेप्टिसेमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झाला, हे केसपेपरशी जुळलं पाहिजे. जखम एरवी जीवघेणी नसेल, तर १०३ (खून) ऐवजी १०५ (खून नसलेला सदोष मनुष्यवध) किंवा नुसती गंभीर दुखापत. रुग्णवाहिकेच्या अपघातात डोकं फुटून गेला तर मात्र जखम आणि मृत्यू यांची साखळी तुटते. तरी हेतू सिद्ध झाला की खुनाच्या प्रयत्नाचं १०९ उरतंच.