बार्शी लाइटच्या डब्याची धाव

माझं आजोळ मिरज तालुक्यातल्या आरगचं. तिथे बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे बाहेरचं लोखंडी कडं, चढवताना मी पाहिलंय. लोहार गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी कडं लाल होईपर्यंत तापवायचा, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचा आणि लाकूड जळू नये म्हणून लगेच पाणी ओतायचा. निवताना कडं आक्रसायचं आणि चाकाचे सगळे सांधे करकचून आवळले जायचे.

त्याच आरगवरून मिरज–पंढरपूर ही छोटी गाडी जायची. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. रुळांमधलं अंतर अवघं 762 मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने तिची आखणी करताना प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. म्हणून हलके रूळ पुरेसे ठरले. आता तिथे ब्रॉडगेज आहे. पण अशा गाड्यांचे जे डबे कुठेकुठे उरलेत, ते जपायचे तर आधी त्यांची बांधणी समजून घ्यायला हवी.

जुन्या डब्याच्या चाकालाही धाव असते. आतला गाभा वेगळा, बाहेरचं पोलादी कडं वेगळं. कड्याचा आतला व्यास गाभ्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत साधारण 12 भाग वाढतं. म्हणजे 700 मिलिमीटर व्यासाचं कडं 250 अंशांनी तापवलं की व्यास जेमतेम 2 मिलिमीटर वाढतो. तेवढ्यात ते गाभ्यावर बसतं. इथे मात्र पाणी ओतत नाहीत. गाभाही धातूचाच, जळायची भीती नाही, आणि अचानक निववलेलं पोलाद तडकू शकतं. धाव झिजली की ती कापून नवी चढवायची, गाभा तोच राहतो. उतारावर ब्रेक फार वेळ दाबून राहिला तर मात्र धाव तापून सैल होते. म्हणून धाव आणि गाभा यांवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की धाव सरकली. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज येण्याऐवजी बद्द आवाज आला, तरी चाक तपासायला काढतात.

लाकडी अंगाचं गणित वेगळं. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जुने सुतार तावदानाखालची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवायचे, वर पट्टी मारायचे. डागडुजी करणारे आज त्या खाचेत इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. फळीला हलायला जागा उरत नाही, ती चिरते, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी वाढू लागते. सागवान चिवट खरं, पण कायम ओलं राहिलं तर तेही हार मानतं. त्या ओलीत लोखंडी बोल्ट गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि बोल्टच लाकूड फाडतो.

कुजलेला भाग काढताना निरोगी लाकूड लागेपर्यंत तिरकं कापायचं आणि त्याच जातीचा, शिरा त्याच दिशेला असलेला तुकडा जोडायचा. तिरक्या कापामुळे चिकटायला जास्त पृष्ठभाग मिळतो. जुना रंग मात्र कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते. ओलं घासा, योग्य मास्क लावा.

सगळ्यात आधी कुजते ती खिडकीखालची जागा. तावदान खाली सरकवायच्या पोकळीत पावसाचं पाणी उतरतं आणि तळाच्या एका छोट्या भोकातून बाहेर जातं. धूळ आणि रंगाचे थर साचून ते बुजतं. मृगाच्या आधी तार घालून ते मोकळं करायचं, आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली येतंय का ते पाहायचं.