टर्बो डिझेल मोटारीतील इंधनपुरवठ्याचे दोषनिदान

टर्बोचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र) बसवलेल्या डिझेल मोटारीत टाकीपासून इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, नोझलपर्यंत डिझेल पुरेशा दाबाने व ठरल्या मापात पोहोचते की नाही, हे मोजून दोषाची जागा निश्चित करण्याची पद्धती. गाडी ओढत नाही, चढणीला पिकअप घेत नाही, गरम इंजिन लवकर सुरू होत नाही किंवा चालता चालता ताकद तोडून ‘लिंप मोड’मध्ये (इंजिन वाचवण्यासाठीच्या मर्यादित शक्तीच्या अवस्थेत) जाते, अशा तक्रारींपासून तपास सुरू होतो. यांतील बहुतेक तक्रारी हवेच्या बाजूच्या दोषांतही तशाच आढळतात. त्यामुळे दोष हवेचा की इंधनाचा, हा या निदानातील पहिला आणि सर्वाधिक चुकणारा निर्णय होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच दाबनळीतून, म्हणजे ‘रेल’मधून, डिझेल पुरवण्याच्या) पद्धतीचा विचार केला असून, उदाहरणादाखल फियाटचे १,२४८ घ. सेंमी. क्षमतेचे १.३ मल्टिजेट इंजिन घेतले आहे. ते २००३च्या सुमारास यूरोपात आले. भारतात ते पुण्याजवळील रांजणगाव व हरियाणातील मानेसर येथे बनत असे आणि फियाट, टाटा व मारुती सुझुकी या तिन्ही कंपन्यांच्या मोटारींत वापरले गेले. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले तेव्हा येथील त्याचा वापर थांबला.

*कॉमन रेलचा उगम* : एकाच दाबनळीत डिझेल साठवून ते सर्व सिलिंडरांना पुरवण्याची कल्पना प्रथम कोणाची, याबद्दल एकमत नाही. ब्रिटनमधील व्हिकर्स कंपनीच्या १९१३च्या सुमाराच्या एकस्वाकडे काही लेखक बोट दाखवतात; पहिल्या महायुद्धाच्या काळातील पाणबुड्यांच्या इंजिनांत या कंपनीने ती वापरली. मात्र तेथे नोझल यांत्रिक पद्धतीने उघडे. विजेने उघडणारा इंजेक्टर ही खूण मानली, तर श्रेय स्वित्झर्लंडमधील रॉबर्ट ह्यूबर यांच्या १९६०च्या दशकातील प्रयोगांकडे आणि पुढे झुरिकच्या तंत्रविद्यापीठात मार्को गान्सर यांनी केलेल्या कामाकडे जाते. विक्रीस निघालेले पहिले वाहन हा निकष लावणारे जपानी डेन्सोच्या प्रणालीला मान देतात. ती १९९५च्या सुमारास हिनो कंपनीच्या ट्रकवर आली. मोटारींपुरते पाहिल्यास फियाटच्या संशोधन संस्थांनी विकसित केलेली व नंतर बॉशने उत्पादनयोग्य केलेली प्रणाली १९९७मध्ये आल्फा रोमिओ १५६ या गाडीत प्रथम आली, हे सामान्यतः मान्य आहे. दोषनिदानाच्या दृष्टीने ह्यूबर–गान्सर ही परंपराच अधिक महत्त्वाची वाटते. कारण विजेवर चालणारा इंजेक्टर आणि रेलवरील दाबसंवेदक आल्यामुळेच इंजिन चालू असताना आतला दाब बाहेरून वाचता येऊ लागला. त्याआधीच्या इन्-लाइन व रोटरी पंपांच्या काळात फिटर एकेका सिलिंडरच्या पाइपचा नट ढिला करून इंजिनाच्या आवाजातील फरक ऐकत असे. कॉमन रेलवर ही रीत जीवघेणी ठरते. येथील धार कातडी भेदून आत शिरते व जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

*दाबाची रचना* : टाकीतील विजेरी पंप, फिल्टर व पाइप ही कमी दाबाची बाजू. काही गाड्यांत टाकीत पंप नसतो आणि उच्चदाब पंपाला जोडलेला गिअर पंपच डिझेल खेचतो. अशा व्यवस्थेत पाइपला बारीक भेग गेली, तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडीने एअर पकडली’. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे स्पष्ट दिसतात. इतकी स्वस्त चाचणी न करताच इंजेक्टर काढण्याची घाई अनेक ठिकाणी होते. पुढे तीन प्लंजरांचा उच्चदाब पंप, रेल, इंजेक्टर आणि परतीची नळी येते. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू (आयडलला) असताना रेलमध्ये सुमारे २५० ते ३५० बार (बार हे दाबाचे एकक) दाब असतो, पूर्ण भाराखाली १,४०० ते १,६०० बार.

मागणीतील फरक याहून मोठा आहे. आयडलला एका स्ट्रोकला साधारण ५ मिग्रॅ. डिझेल लागते, तर टर्बो पूर्ण भरल्यावर ४०च्या आसपास. फेरेही ८५० वरून ३,४०० झाले असे धरल्यास दर मिनिटाची मागणी तीसपटीवर जाते. अर्धवट तुंबलेला फिल्टर उभ्या गाडीत निर्दोष भासतो, तो यामुळे. इंधनाची चाचणी भाराखालीच घ्यावी, हा नियम यातून निघतो. चढणीवर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे व दोषसंकेत दाखवणारे उपकरण) पाहावा.

*निदानक्रम* : स्कॅनरवर मागितलेला व प्रत्यक्ष रेलदाब शेजारीशेजारी घेतात. दोन्ही वक्र क्षणभर विलग होऊन पुन्हा जुळत असतील तर ते स्वाभाविक आहे. प्रत्यक्ष दाब शंभराहून अधिक बारने सतत खाली राहिला, तर मात्र पुरवठ्याचा संशय बळावतो. दाब मागणीप्रमाणे असून टर्बोचा दाब कमी पडत असेल, तर इंटरकूलरची (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) होज, व्हॅक्यूमच्या नळ्या व टर्बो तपासावा. ‘पी ००८७’ हा संकेत रेलदाब कमी असल्याचे आणि ‘पी ०२९९’ हा टर्बोचा दाब कमी असल्याचे सांगतो. पण संकेत हा परिणाम नोंदवतो, कारण नव्हे.

धुरावरून ठरवण्याची जुनी रूढी आहे : काळा धूर म्हणजे हवा कमी, धुराविना ताकद गेली म्हणजे डिझेल कमी. तत्त्वतः ती बरोबर आहे. परंतु हवा कमी मोजली गेली की ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) स्वतःच डिझेल तोडते, आणि बीएस-६ गाड्यांत काजळी गाळणारा फिल्टर धूर बाहेर येऊच देत नाही. नव्या गाड्यांत धुरावर विसंबणे योग्य नाही.

आकडे वाचण्याआधी आकडा देणाऱ्याचीही परीक्षा हवी. रात्रभर उभ्या गाडीत चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, रेलदाब शून्याजवळ दिसला पाहिजे. दाबसंवेदकाचे व्होल्टेज त्या वेळी सुमारे ०.५ असते, ते वर सरकलेले असेल, तर पंपाला दोष देण्यापूर्वी संवेदक व वायरिंग पाहावे.

दाब खरोखर पडत असल्यास पंपाच्या झडपेला ईसीयू काय आज्ञा देते ते पाहतात. झडप जवळजवळ पूर्ण उघडूनही दाब अपुरा असेल, तर पुरवठा तरी कमी आहे किंवा गळती तरी आहे. कमी दाबाच्या बाजूचा गेजही त्याच वेळी खाली येत असेल तर फिल्टर, टाकीतील जाळी वा विजेरी पंप दोषी. तो स्थिर असेल तर परतीची चाचणी घ्यावी : प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या टोकाला नळी लावून मापाच्या बाटल्यांत डिझेल गोळा करतात. चारांपैकी एका बाटलीत इतरांच्या दुपटी-तिपटीने डिझेल साचले, तर तो इंजेक्टर आतून झिजला असे समजतात. या चाचणीच्या निर्णायकतेबद्दल कारागिरांत मतभेद आहेत. ती फक्त आतली गळती दाखवते. नोझलची फवारणी बिघडली असल्यास परतीचे माप बिनचूक येऊ शकते. शिवाय चारही इंजेक्टर सारखेच झिजले असतील तर तुलना फसते. गरम इंजिन सुरू न होणे व थंड इंजिन सहज सुरू होणे ही खूण अशा वेळी अधिक उपयोगी पडते, कारण तापलेले डिझेल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून जास्त निसटते.

इंजेक्टर बदलल्यावर त्याच्या अंगावर कोरलेला संकेतांक ईसीयूत भरणे बहुतेक प्रणालींत आवश्यक असते. तो न भरल्यास नवा इंजेक्टरही कमी-जास्त डिझेल सोडतो आणि इंजिन खडबडीत चालते. बॉशच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल व इंजेक्टर बनतात. ही कंपनी भारतात दीर्घकाळ मायको या नावाने ओळखली जाई.

*इंधनाचा दर्जा* : उच्चदाब पंपाला वेगळे वंगण नसते, डिझेलच त्याचे वंगण. रॉकेलची भेसळ झाल्यास वंगणशक्ती घटते. पाणी शिरल्यास गंज चढतो, म्हणून फिल्टरच्या तळाचा निचरा-स्क्रू पावसाळ्यात उघडून पाहणे हिताचे. उघडलेल्या फिल्टरमध्ये चकाकणारा धातूचा चुरा आढळला, तर पंप आतून घासला गेला आहे. नुसता पंप बदलून भागत नाही, रेल व इंजेक्टरही स्वच्छ करावे वा बदलावे लागतात आणि टाकी धुवावी लागते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत, तो भेसळ ओळखता यावी म्हणूनच.

*पेट्रोल टर्बो* : येथे निकष वेगळे आहेत. पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) पेट्रोल कमी पडले तर मिश्रण विरळ होते, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येते. डिझेलमध्ये कमी इंधनाने बहुधा फक्त ताकद जाते. पोर्टमध्ये (सिलिंडराबाहेरील हवेच्या वाटेत) इंजेक्शन असलेल्या जुन्या इंजिनांत दाबनियंत्रकाला मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीजोडाची) नळी जोडलेली असते. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट १ बार असल्यास रेलमध्ये ४ बार दिसले पाहिजेत. ही नळी फाटली की आकडा ३ वरच राहतो.