अमेरिकेतले लॅटिनो प्रौढ, लठ्ठपणा आणि आरोग्य विमा : अर्ज कोणी करायचा, कोणते कागद लागतात

सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेच्या 2017-18 च्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रौढांपैकी 44.8 टक्के लोक लठ्ठ, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 30 किंवा त्याहून जास्त असलेले निघाले. विमा नसलेल्यांचं प्रमाणही त्यांच्यात गोऱ्या अमेरिकनांपेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळे 'वजनामुळे विमा नाकारतील' अशी धास्ती अनेकांना असते. ती सोडून द्या. 2014 पासून मार्केटप्लेसवरची, म्हणजे सरकारी विमा बाजारातली, कोणतीही योजना वजन किंवा मधुमेह पाहून अर्ज नाकारू शकत नाही आणि हप्ताही वाढवू शकत नाही. अल्पमुदतीच्या स्वस्त योजनांना मात्र हा नियम लागू नाही. दलाल तसलीच योजना गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

खरी अडचण येते ती राज्य, उत्पन्न आणि इमिग्रेशनच्या कागदांची.

मेडिकेड ही कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना. तिचा विस्तार केलेल्या 40 राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेले प्रौढ तिला पात्र ठरतात. टेक्सास आणि फ्लोरिडात लॅटिनो वस्ती मोठी, पण या दोन्ही राज्यांनी विस्तार केलेला नाही. तिथे मूलबाळ नसलेल्या, धडधाकट प्रौढाला उत्पन्न कितीही कमी असलं तरी मेडिकेड मिळत नाही. आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असल्याने मार्केटप्लेसवर हप्त्यात मिळणारी सरकारी सवलतही सहसा मिळत नाही. गरिबालाच दोन्ही दारं बंद, असा हा अजब कायदा आहे. ग्रीन कार्डधारकाला मेडिकेडसाठी बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं, पण तोवर मार्केटप्लेसमधून विमा घेता येतो. ग्रीन कार्डावर मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हाच नियम आहे. इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्यांना बहुतेक राज्यांत मार्केटप्लेसवर पूर्ण पैसे भरूनही विमा घेता येत नाही. त्यांनी सामुदायिक आरोग्य केंद्र गाठावं. तिथे ऐपतीप्रमाणे फी घेतात.

अर्ज हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्याच्या स्पॅनिश आवृत्तीवर करायचा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांची संकेतस्थळं वेगळी आहेत. मेडिकेडचा अर्ज वर्षभर चालतो. मार्केटप्लेसची नोंदणी 1 नोव्हेंबरला सुरू होते; शेवटची तारीख आपल्या राज्याची पाहावी. नोकरीतला विमा गेला, लग्न झालं किंवा मूल झालं, तर त्यानंतर 60 दिवसांत मधेच अर्ज करता येतो. फोनवर दुभाषा फुकट मिळतो, तेव्हा लहान मुलाला मधे बसवून फॉर्म भरू नका.

घरातल्या सगळ्यांच्या जन्मतारखा, विमा घेणाऱ्यांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट, अलीकडच्या पगारपावत्या किंवा डब्ल्यू-2 (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला), आणि नोकरीत विमा मिळत असल्यास त्याचे तपशील जवळ ठेवा. रोजंदारीवाल्याने किंवा स्वतःचा धंदा असणाऱ्याने जमाखर्चाची वही दाखवली तरी चालते. फक्त मुलांसाठी अर्ज करणाऱ्या आईवडिलांना स्वतःचा इमिग्रेशन दर्जा सांगावा लागत नाही.

लॅटिनो माणसाला बहुधा आडनावं दोन असतात. ग्रीन कार्डावर दोन्ही आणि पगारपावतीवर एकच असेल तर माहिती जुळत नाही, आणि पुरावा मागणारं पत्र येतं. आपल्याकडे मधल्या नावाने होतो तसाच हा घोळ. पत्राला साधारण 90 दिवसांची मुदत असते. ते बाजूला ठेवलं तर सवलत किंवा विमाच जाऊ शकतो.

विम्याचं कार्ड हातात आलं की डॉक्टरांकडे वजनाचा विषय आपणच काढावा. बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी आहार आणि व्यायामाचं सखोल समुपदेशन मार्केटप्लेसच्या योजनांनी फुकट द्यायचं असतं. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. वेगोव्हीसारखी वजन घटवणारी औषधं आणि बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्याची, शस्त्रक्रिया यांचं मात्र प्रत्येक योजनेत वेगळं असतं, म्हणून योजना निवडण्याआधीच तिची औषधांची यादी वाचा. शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. ती नाकारली तर कंपनीकडे अपील करायला 180 दिवस मिळतात. अपिलासोबत डॉक्टरांचं पत्र आणि वजन कमी करण्याच्या आधीच्या प्रयत्नांच्या नोंदी जोडा.