नोकरीचा अर्ज व बायोडाटा

नोकरीचा अर्ज व बायोडाटा : रिक्त पदासाठी उमेदवार नियोक्त्याकडे जे लेखी निवेदन पाठवतो, त्याची ही दोन अंगे. अर्जात विशिष्ट पदाची मागणी व तिचा आधार असतो. बायोडाट्यात शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांची नोंद असते. रेझ्युमे आणि सीव्ही ही नावे व्यवहारात सरमिसळ वापरली जातात. अध्यापन व संशोधनाच्या पदांसाठीचा सीव्ही मात्र प्रकाशनांच्या यादीसह अनेक पानी असतो.

उगम : लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून केलेला पत्राचा मसुदा हा पहिला रेझ्युमे, असे वारंवार लिहिले जाते. लिओनार्दोच्या कागदांच्या कोडेक्स अटलांटिकस या संग्रहातील हा मसुदा सामान्यतः 1482 च्या सुमाराचा मानतात. काहींच्या मते तो दोन-तीन वर्षे नंतरचा असावा. तो लिओनार्दोच्या नेहमीच्या उलट्या हस्ताक्षरात नाही आणि प्रत्यक्ष पाठवला गेल्याचा पुरावा नाही. त्यामुळे ‘पहिला’ हे विशेषण जपून वापरणे बरे. लक्षणीय आहे तो त्यातील क्रम : युद्धात गुंतलेल्या धन्यासाठी पूल, तोफा व वेढ्याची साधने आधी, तर स्थापत्य, शिल्प व चित्रकला अखेरीस. वाचणाऱ्याची गरज पाहून लावलेला हा क्रम आजच्या बायोडाट्यालाही लागू पडतो.

मराठी अर्जाची घडण मात्र वेगळ्या परंपरेतली दिसते. पत्रांचे मायने व दप्तरलेखनाचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ यादवांचा प्रधान हेमाद्री (13 वे शतक) याच्या नावावर सांगतात. उपलब्ध प्रती उत्तरकालीन असल्याने हे कर्तृत्व परंपरेने मानलेले एवढेच म्हणता येते. पुढे फार्सी दरबारी अर्जदास्तीची (विनंतीपत्राची) भर पडली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापर्यंत मोडी पत्रव्यवहारात मायन्यावरून लिहिणारा व वाचणारा यांचे नाते कळत असे. आजच्या अर्जातील प्रारंभीचा आदरार्थी भाग या वळणाचा असावा. ‘आपला आज्ञाधारक’ हा शेवट ब्रिटिश कचेऱ्यांतील इंग्रजी अर्जांवरून आला असण्याचा संभव अधिक वाटतो.

नागपुरातील स्थिती : मध्य प्रांताची राजधानी असल्याने (1861 पासून) नागपुरात सचिवालय, न्यायालये व पुढे विद्यापीठ (1923) यांभोवती कारकुनी नोकरीचे जग उभे राहिले. 1950 च्या कायद्याने प्रांतात हिंदी व मराठी राजभाषा झाल्या. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानीचा मान सुटला. वरिष्ठ पदांचे अर्ज मुंबईच्या पत्त्यावर जाऊ लागले. संयुक्त मराठी राज्यासाठी विदर्भासह विविध भागांतील नेत्यांनी केलेल्या 1953 च्या नागपूर करारात शासकीय सेवांतील वाट्याचा मुद्दा होता, तसेच संविधानाच्या अनुच्छेद 371(2) मध्ये सेवांतील पुरेशा संधीचा उल्लेख आहे, यावरून या प्रश्नाचे वजन लक्षात येते.

आज येथील उमेदवार एकाच वेळी अनेक तऱ्हांचे अर्ज करतो : शासनासाठी मराठी, वेस्टर्न कोलफील्ड्स वा रेल्वेसारख्या केंद्रीय आस्थापनांसाठी हिंदी-इंग्रजी, विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातील कंपन्यांसाठी इंग्रजी. एका तऱ्हेच्या अर्जाचा साचा दुसरीकडे नेणे ही येथील सर्वांत नुकसानकारक सवय होय. लग्नासाठीच्या बायोडाट्यातून जात, वडिलांचा व्यवसाय, उंची हा तपशील नोकरीच्या कागदात शिरतो. खाजगी कंपनीसाठी तो अनावश्यक आहे. ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापन, ठिकाण व सही यांचेही तेथे काम नसते. शासकीय अर्जात मात्र तेच वगळले तर अर्ज बाद होऊ शकतो.

परिणामकारक लेखन : अर्ज एका पानाचा असावा व त्यात बायोडाटा पुन्हा उतरवू नये. जाहिरातीतील दोन-तीन मुख्य अपेक्षा घेऊन प्रत्येकीसमोर केलेले काम ठेवावे. ‘मेहनती व प्रामाणिक आहे’ या वाक्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘बुटीबोरीच्या कारखान्यात लेथवर शिकाऊ म्हणून काम केले, मापे व्हर्नियरने तपासत असे’ याने कळते. आयटीआय झालेल्या मुलामुलींकडे अशी वाक्ये भरपूर असतात, पण ती लिहायची असतात हे त्यांना कोणी सांगत नाही, ही खेदाची बाब आहे. अनुभव अलीकडून मागे या क्रमाने द्यावा. मोठ्या कंपन्यांत संगणक प्रणालीच अर्ज प्रथम चाळत असल्याने रकाने, चित्रे व सजावट टाळून जाहिरातीतील शब्द, खरे असतील तेथे, तसेच ठेवावेत.

शासकीय अर्जाला संदर्भ म्हणून जाहिरात क्रमांक लागतो. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी (संगणक साक्षरता), अधिवास आणि लागू असल्यास जात व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रे जोडतात. 2005 च्या नियमांनुसार लहान कुटुंबाचे (अपत्यांच्या संख्येबाबतचे) प्रतिज्ञापनही द्यावे लागते. राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाची जागा आता बहुतांशी स्वयंसाक्षांकनाने घेतली आहे.