पहिल्या तीन दिवसांचे दूध

जुन्या नाशकातील काष्ठौषधींच्या दुकानात ‘बाळगुटी द्या’ एवढे म्हटले, तरी दुकानदार हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, अतिविष असे जिन्नस एका पुडीत बांधून देतो. घरी ते सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचे, जिन्नसागणिक वेढे मोजायचे आणि तो चाटा बोंडल्याने बाळाच्या तोंडात सोडायचा, ही रीत अनेक घरांत अजून चालू आहे. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय गुटीही नको आणि पाणीही नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यावरून आजी आणि सून यांच्यात होणारी धुसफूस गुटीपुरती वाटली, तरी तिचे मूळ बाळाच्या पहिल्या तीन दिवसांत आहे.

आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे आणि तोवर बाळाला मध व तूप देण्याचा विधी तेथे सांगितला आहे. निरीक्षण चुकीचे नव्हते, कारण दूध भरून येण्यास खरोखरच तेवढा वेळ लागतो. मात्र त्याआधी थेंबथेंब येणारा दाट, पिवळसर चीक हेही बाळाचेच अन्न आहे, हे लक्षात न आल्याने तो पुढे कित्येक घरांत पिळून टाकला जाई आणि त्याच्या जागी मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी येई. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आवडीने खाणाऱ्या मराठी घरांनी बाळंतिणीचा चीक मात्र वाईट ठरवावा, ही मोठी चमत्कारिक गोष्ट म्हटली पाहिजे. चीक थोडा असतो हे खरे. पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर दूध मावते आणि रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वांत दाट प्रमाणात असतात ती याच दुधात. उलट मधातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू जाण्याचा धोका असल्याने वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत सुईण आणि घरातील वडीलधारी बाई यांचाच शब्द चालत असे. शेकशेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू यांत बाळंतिणीच्या विश्रांतीचा आणि पोषणाचा मोठा विचार होता, पण नवजात बाळ आजारी पडले तर करण्यासारखे फारसे काही नव्हते. आनंदीबाई जोशी यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता.

सुईणीपाठोपाठ डबा आला. युरोपात १८६० च्या दशकात विक्रीस आलेले बाळदूध विसाव्या शतकात येथील शहरी घरांत पोहोचले आणि डब्यावरील गुबगुबीत बाळ पाहून आपल्याच दुधाबद्दल आयांच्या मनात शंका उत्पन्न झाली. ‘दूध पुरत नाही’ ही तक्रार किती खरी आणि किती त्या चित्राने शिकवलेली, हे सांगणे कठीण आहे. पण वरचे दूध सुरू झाले की बाळ कमी ओढते आणि कमी ओढले की दूध खरोखरच कमी होते, हे चक्र मात्र पक्के आहे. अशा बाळदुधाच्या जाहिरात-विक्रीला आवर घालणारी जागतिक आरोग्य संघटनेची विपणनसंहिता १९८१ मध्ये आली आणि भारताने १९९२ मध्ये कायदा केला. १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झालेल्या आणि २००३ मध्ये कडक केलेल्या या कायद्याने दोन वर्षांखालील बालकांच्या अन्नाची जाहिरात, फुकट नमुने आणि डब्यावरील बाळाचे चित्र या सर्वांना मनाई केली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दोन प्रयोग विसरता येणार नाहीत. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील बायकांनाच नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तेथील नवजात मृत्यूंमध्ये झालेली ६२ टक्क्यांची घट १९९९ मध्ये जगापुढे मांडली.

आता बाळंतपण दवाखान्यात गेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेले, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले. याचा दोष आता सुईणीला किंवा आजीला देता येणार नाही. सिझेरियननंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, हा नवा दुरावा आहे.

नाशिक जिल्ह्यात त्याच्या जोडीला पोटाचा प्रश्न येतो. २०१७ पासून कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची प्रसूती रजा सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कायम कामगार स्त्रीला उपयोगी पडते; पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला येणारीला ती नाही. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये सुरू केली, पण बाई हंगामात गाव सोडून बागेत उतरली की ते ताट गावातच राहते.

गडचिरोलीच्या अनुभवातून घरभेटींचा जो कार्यक्रम २०११ मध्ये देशभर गेला, त्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी गावातील आरोग्य स्वयंसेविकेची, म्हणजे ‘आशा’ची, पहिली घरभेट तिसऱ्या दिवशी ठरलेली आहे. ती बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलते, अंग गार आहे का पाहते आणि मांडीवर तक्ता घेऊन विचारते, की जन्मल्यावर बाळाच्या तोंडात सगळ्यांत आधी काय घातले.