हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी व्हॉल्व्हची निवड (खानदेश)

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कोणता व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारी, हवा काढलेली काचेची नळी) बसवायचा आणि जुना काढून दुसरा लावताना काय तपासायचे, याचा हा विषय. छंदी मंडळी या अदलाबदलीला ‘ट्यूब रोलिंग’ म्हणतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातल्या तीन जिल्ह्यांत हा छंद मूठभरांचाच आहे. तरी इथली वीज, इथला उन्हाळा आणि माळ्यावर पडून राहिलेला जुना रेडिओचा माल यांमुळे निवडीचा क्रम थोडा वेगळा लावावा लागतो. पुण्या-मुंबईत माणूस आधी आवाजाचे बोलतो. खानदेशात आधी हीटरचे, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचे, बोलावे, मग सॉकेटमध्ये बसणाऱ्या पायांचे; आवाज त्यानंतर.

नावाचा घोळ

‘व्हॉल्व्ह’ हा ब्रिटिश शब्द रेडिओबरोबर आला आणि रुळला. ‘ट्यूब’ हा अमेरिकी शब्द अलीकडे इंटरनेटवरून आला. बाजारात दोन्ही अडचणीचे. ट्यूब मागितली तर ट्यूबलाइट नाहीतर सायकलची ट्यूब पुढे येते. व्हॉल्व्ह मागितला तर ठिबकचा बॉलव्हॉल्व्ह किंवा विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या धंद्याचे गाव, तेव्हा दुकानदाराला दोष देता येत नाही. ‘रेडिओचा व्हॉल्व्ह’ म्हटले की जुन्या मेकॅनिकला बरोबर कळते.

पार्श्वभूमी

जॉन अ‍ॅम्ब्रोस फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन इलेक्ट्रोडांचा (कॅथोड आणि प्लेट) व्हॉल्व्ह बनवला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा इलेक्ट्रोड, म्हणजे ग्रिड, घातला आणि त्यातूनच पुढे आवाज वाढवणारा ट्रायोड आकाराला आला. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात. वाटेतल्या ग्रिडवर दिलेला बारीकसा सिग्नल त्यांची वाट कमीजास्त करतो. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत घरातल्या रेडिओतून व्हॉल्व्ह हटले. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे ‘बेल’ने, १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. खानदेशात आज जो जुना माल सापडतो त्यात बेलचा छाप बराच दिसतो.

आधी सर्किट, मग व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह हेडफोन अ‍ॅम्प ढोबळमानाने तीन जातींचे. पहिल्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. दुसऱ्यात तो नसतो आणि व्हॉल्व्हच थेट हेडफोन हाकतो. याला ओटीएल म्हणतात. तिसरी जात संकरित: सिग्नल व्हॉल्व्ह वाढवतो, हेडफोन ढकलण्याचे जड काम ट्रान्झिस्टर करतात.

ओटीएलमध्ये ६०८० किंवा ६एएस७ हा जाडजूड दुहेरी ट्रायोड आउटपुटला लावण्याची पद्धत आहे. बॉटलहेड क्रॅक आणि डार्कव्हॉइस ३३६ ही अशा ओटीएलची ओळखीची उदाहरणे. या व्हॉल्व्हच्या कॅथोडमधून निघणाऱ्या आउटपुटचा स्वतःचा रोध साधारण शंभर ओहमच्या घरात असतो. त्याला सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन जोडला तर व्होल्टेजचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हेडफोनला मिळतो. तिथेच ३२ ओहमचा हेडफोन लावला तर जेमतेम पाव भाग पोचतो, बाकीचा व्हॉल्व्हमध्येच जिरतो, आणि बास सैल पडतो. अशा जोडीत कितीही महागडा व्हॉल्व्ह आणून लावला तरी फरक पडत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचेच असतात. त्यामुळे ज्याच्याकडे असा हेडफोन आहे त्याने ओटीएलच्या नादी न लागता संकरित अ‍ॅम्प घ्यावा.

दुसरा मुद्दा गेनचा. ईसीसी८३ (अमेरिकी नाव १२एएक्स७) सिग्नल शंभरपट वाढवू शकतो, ईसीसी८१ (१२एटी७) साठपट, ईसीसी८२ (१२एयू७) वीसपटीच्या आत. तिघांचे पाय सारखे, म्हणून मोह होतो. पण हेडफोनला एवढा गेन लागतच नाही. ईसीसी८२ च्या जागी ईसीसी८३ लावला की व्हॉल्यूमचे बटण जरा हलवले तरी कान बसतात, आणि शांत जागी मागे सूं ऐकू येते. शिवाय सर्किटचे बायस, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हला मिळणारे ठरावीक व्होल्टेज-करंट, ईसीसी८२ साठी लावलेले असते, ते दुसऱ्याला मानवत नाही.

हीटर

खरी गोम इथे आहे. कॅथोड तापवणारा हीटर बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ६.३ व्होल्टवर चालतो. अमेरिकी क्रमांकातला पहिला आकडा हीटरचे व्होल्टेज ढोबळमानाने सांगतो: ६ म्हणजे ६.३, १२ म्हणजे १२.६. युरोपीय नावात ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, पुढची दोन ‘सी’ म्हणजे दोन ट्रायोड एकाच काचेत. ‘पी’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह टीव्हीसाठी केलेले, त्यांचे हीटर एकामागे एक जोडून ३०० मिलिअँपिअरवर चालवायचे.

या व्होल्टेजमध्ये साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र घरातली वीज हलली की हीटरही हलतो. २३० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २०० व्होल्ट मिळाले तर ६.३ च्या जागी साडेपाच व्होल्टच उरतात, म्हणजे तेरा टक्के कमी. कॅथोड अर्धवट तापतो, इलेक्ट्रॉन पुरेसे सुटत नाहीत, आवाज मरगळतो. उलट पहाटे लोड उतरल्यावर २५० व्होल्ट आले तर हीटरवर ६.८५ चढतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य कमी होते. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात शेतीपंपांना रात्रपाळीची वीज सुटते तेव्हा गावातल्या बल्बकडे पाहिले तरी हा चढउतार दिसतो. मे महिन्यात दुपारी घरोघर कूलर लागले की शहरातही तेच.

एक हिशेब यातूनच निघतो. ईसीसी८८ (६डीजे८) महाग झाला म्हणून त्याच पायांचा पीसीसी८८, ७ व्होल्टच्या हीटरचा, लावण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. मिळतो स्वस्त आणि ६.३ व्होल्टवर चालतोही. पण वीज २०० व्होल्टवर आली की त्याला लागणाऱ्या सातापैकी साडेपाचच मिळतात. बावीस टक्क्यांची तूट. जिथे वीज स्थिर आहे तिथली युक्ती यावलच्या मळ्यातल्या घरात चालत नाही.

उपाय तीन. हीटरला रेग्युलेटेड, म्हणजे घरातली वीज हलली तरी न हलणारी, डीसी देणारा अ‍ॅम्प घ्यावा. अडॅप्टरवर चालणारे लहान संकरित अ‍ॅम्प १०० ते २४० व्होल्ट सहज पेलतात, हे त्यांचे न सांगितले जाणारे बलस्थान. नाहीतर स्टॅबिलायझर लावावा. टीव्ही-फ्रिजचा रिलेवाला स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि दर उडीला हेडफोनमध्ये ‘कट्’ ऐकू येतो. सर्व्हो स्टॅबिलायझर महाग पण सुरळीत. तिसरा उपाय इन्व्हर्टरचा वाटतो, पण तो साइनवेव्हच, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणाराच, हवा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हीटर नीट तापतो, मात्र प्लेटचे व्होल्टेज लहरीच्या शिखरावर अवलंबून असते. साइनवेव्हचे शिखर ३२५ व्होल्टचे, चौकोनी लहरीचे त्याहून बरेच खाली. व्हॉल्व्ह लाल दिसतो आणि आवाज खोल गेलेला असतो, तो यामुळे. वर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो ते वेगळेच.

हीटर किती करंट खातो हेही पाहावे. ईसीसी८८ ला ०.३६५ अँपिअर लागतात. त्याच पायांचा रशियन ६एन१पी ०.६ अँपिअर घेतो. आवाजाला चांगला, किमतीला बरा. पण अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तेवढा देण्यासाठी बनवलेला आहे का, हे माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय लावू नये. जानेवारीत धुळ्याच्या थंडीत तो चालून जाईल आणि खोलीच ४२ अंशांवर गेली की ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास सुटेल.

पाय

नऊ पायांचा व्हॉल्व्ह नऊ छिद्रांत बसतो म्हणून तो तिथला होत नाही. ईसीसी८२ मध्ये हीटर दोन तुकड्यांत असून नववा पाय त्यांच्या मधला. चौथा-पाचवा एकत्र करून नवव्याशी ६.३ व्होल्ट देता येतात, किंवा चौथ्या-पाचव्यावर १२.६. ईसीसी८८ मध्ये हीटर थेट चौथ्या-पाचव्यावर आणि नववा पाय आतल्या पडद्याचा. दोघांची अदलाबदल करणे म्हणजे व्हॉल्व्ह किंवा ट्रान्सफॉर्मर यांपैकी एकाला मुकणे. आठ जाड पायांचे ६एसएन७ आणि ६एसएल७ मात्र पायांनी सारखे. फरक गेनचा, पहिला वीस, दुसरा सत्तर.

माळ्यावरचा माल

आजोबांचा रेडिओ उघडून त्यातले व्हॉल्व्ह हेडफोन अ‍ॅम्पमध्ये लावता येतील अशी आशा अनेकांना असते. ती बहुधा फोल ठरते. खानदेशात ऐकला जाई तो मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह, रेडिओ सिलोन धरून. त्या संचांत ईसीएच८१, ईबीएफ८९, ईसीएल८२, ईएल८४ असे व्हॉल्व्ह असत. हेडफोन अ‍ॅम्पला लागणारे दुहेरी ट्रायोड त्यांत क्वचितच. ते सापडतात दुसऱ्या घरी: स्पूलच्या टेपरेकॉर्डरमध्ये, गणेश मंडळांच्या जुन्या लाउडस्पीकर अ‍ॅम्पमध्ये, यात्रेत तंबू ठोकणाऱ्या फिरत्या सिनेमाच्या साउंडबॉक्समध्ये. भंगारात रेडिओपेक्षा मंडळाचा गंजका अ‍ॅम्प आधी उघडावा.

भुसावळ किंवा धुळ्यात एखाद्या जुन्या मेकॅनिककडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघतो, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. घाईने अंगठ्याने धूळ पुसू नये. काचेवरची जुनी छपाई हाताबरोबर निघून येते आणि मग तो व्हॉल्व्ह कायमचा बेनाव होतो. नाव पुसटले असेल तर काचेवर तोंडाने वाफ सोडावी. क्षणभर अक्षरांचा ठसा उमटतो. मग काचेचा माथा पाहावा. तिथे आतून आरशासारखा चंदेरी थर असतो, उरलीसुरली हवा शोषून घेणारा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. कडा विरळ आणि तपकिरी झाल्या असतील तर त्याने बरीच नोकरी केली आहे. पाय काळवंडलेले असतील तर बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा. वाकडा पाय पकडीने सरळ करताना मुळाशी काच तडकते, म्हणून सावकाश.

न वापरलेल्या जुन्या मालाला ‘एनओएस’ म्हणतात आणि त्याच नावाखाली वापरलेला मालही विकतात. टेलिफंकनच्या अनेक नऊपायी व्हॉल्व्हच्या बुडाशी, पायांच्या मधोमध, काचेतच साचातला चौकटचा आकार असतो. फिलिप्स-मलार्ड गटाच्या व्हॉल्व्हवर खालच्या बाजूला काचेत पुसट कोरलेला संकेतांक. बाजूची सोनेरी छपाई कोणीही करू शकतो, बुडाच्या खुणेची नक्कल करणे कठीण. विक्रेत्याकडून बुडाचा फोटो मागवावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे पाठवू नयेत. नवशिक्याने या फंदात पडण्यापेक्षा स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचा किंवा रशियातल्या साराटोव्हचा आजचा माल घ्यावा. तो जुन्या टेलिफंकनइतका गोड नसेल, पण तपासलेला असतो.

कानाची परीक्षा

व्हॉल्व्ह बदलल्याने आवाज बदलतो, हे खरे. किती बदलतो याबद्दल मात्र फार अतिशयोक्ती चालते. पहिले ऐकू येतात ते दोष: गुंई, खरखर, एका कानात कमी आवाज. पेन्सिलच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारली आणि हेडफोनमध्ये घंटेसारखा नाद उठला तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक. टेबलावर पेला ठेवला तरी तो ऐकवील. दोन कानांना दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतील तर त्यांची जागा बदलावी. खरखर दुसऱ्या कानात गेली तर व्हॉल्व्ह खराब, तिथेच राहिली तर सॉकेट. सॉकेटमधली कोरडी धूळ हे खानदेशात खरखरीचे मोठे कारण आहे, आणि ते घालवायला नवा व्हॉल्व्ह नव्हे, कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. एकाच व्हॉल्व्हचे दोन ट्रायोड दोन कानांना वाटलेले असतील, जसे डार्कव्हॉइसमध्ये, तर दोन्ही भाग जुळलेला व्हॉल्व्ह मागून घ्यावा.

दोष गेल्यावर उरतो तो आवाजाचा रंग, आणि तो ऐकायला शांतता हवी. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून कूलरचा घरघराट थेट आत येतो. मे महिन्यात कूलरसमोर बसून दोन व्हॉल्व्हची तुलना करणाऱ्याच्या मतावर विश्वास ठेवू नये.

उन्हाळा आणि वापर

६०८० चा एकटा हीटर ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास सोळा वॅटची उष्णता. प्लेटची त्यावर वेगळी. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीपार गेलेला असताना अशी शेगडी टेबलावर पेटवणे हौसेचेच काम, म्हणून असे अ‍ॅम्प दिवाळी ते होळी चालवायचे आणि उन्हाळ्यात कापड टाकून ठेवायचे हे शहाणपणाचे. अ‍ॅम्प चारी बाजूंनी मोकळा असावा, वर पुस्तक ठेवू नये. आत दीडशे ते तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतात, तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा तो बंद करून, थंड झाल्यावर, बुडाशी धरून हलवत काढायचा. ओटीएल सुरू करताना आउटपुट कपॅसिटर भरतेवेळी धप्प असा धक्का येतो. हेडफोनची पिन अ‍ॅम्प तापल्यावर, मिनिटाभराने लावावी.