राणीची बाळंतखोली (इंग्लंड)

इंग्लंडच्या राणीचे दिवस भरत आले की साधारण महिनाभर आधीच ती दरबाराचा निरोप घेऊन एका वेगळ्या दालनात राहायला जायची आणि बाळंत होऊन महिना-सव्वा महिना उलटेपर्यंत बाहेर यायची नाही, याला तिकडं राणीनं 'चेंबर घेतलं' असं म्हणायचे. सरदारांच्या बायकाही ऐपतीप्रमाणे हेच करायच्या. पंधराव्या-सोळाव्या शतकात या प्रथेचा थाट सगळ्यात जास्त होता.

सातव्या हेन्रीच्या दरबाराचे लेखी नियम आहेत त्यात ही खोली कशी लावायची ते बारकाईनं दिलंय. भिंती, छत, खिडक्या, सगळं जाड विणकामाच्या पडद्यांनी झाकायचं, फक्त एक खिडकी अशी ठेवायची की राणीला वाटेल तेव्हा उजेड घेता यावा. 1486 मध्ये विंचेस्टरला हेन्रीची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या पहिल्या बाळंतपणाला निळ्या कापडावर सोनेरी लिलीची फुलं होती, माणसांची चित्रं मुद्दाम टाळलेली, कारण अशा अवस्थेत बाईच्या नजरेसमोर ती नकोत अशी समजूत. हे नियम हेन्रीच्या आईनं, मार्गारेट ब्यूफर्टनं घालून दिले असं सर्रास सांगतात. ते खरं असो नसो, पण बाळंतपण म्हणजे काय हे तिला चांगलंच माहीत होतं, नवरा मेल्यावर जानेवारी 1457 मध्ये पेम्ब्रोकच्या किल्ल्यात वयाच्या तेराव्या वर्षी ती बाळंत झाली आणि त्यानंतर तिला कधीच मूल झालं नाही. पुढं नातीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होतं तेव्हा पोरीला एवढ्यात पाठवू नका, राजा थांबायचा नाही आणि तिच्या जिवाला अपाय होईल, असं म्हणणाऱ्यांत राणीच्या जोडीला हीच आजी होती.

एकदा दार लागलं की पुरुषांना आत बंदी. जेवण वाढणं, पेय देणं, सामान ठेवणं ही एरवी पुरुष मानकऱ्यांची कामं, ती सगळी बायकांकडं यायची. लागेल ती वस्तू माणसांनी बाहेरच्या दालनाच्या दारापर्यंत आणायची आणि तिथून बायकांनी आत घ्यायची. कळा सुरू झाल्यावर सत्ता सुईणीची. मार्जरी कॉब नावाच्या सुईणीला राजा चौथ्या एडवर्डनं वर्षाला 10 पौंड लावून दिले होते.

धीर द्यायला देवही लागायचाच. वेस्टमिन्स्टर ॲबीत मेरीमातेचा म्हणून एक कंबरपट्टा होता, तो बाळंतिणीसाठी मागवायचे. एलिझाबेथ ऑफ यॉर्कच्या खर्चाच्या वहीत डिसेंबर 1502 ची नोंद आहे, पट्टा घेऊन आलेल्या साधूला 6 शिलिंग 8 पेन्स बक्षीस. फेब्रुवारीत ती टॉवर ऑफ लंडनमध्ये बाळंत झाली आणि नवव्या दिवशी, नेमकी तिच्या सदतिसाव्या वाढदिवसाला, वारली. साध्या बायका चामड्याच्या लांब पट्टीवर लिहिलेल्या प्रार्थना अंगाला गुंडाळायच्या. अशा एका तीन मीटरपेक्षा लांब पट्टीची तपासणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात मध, दूध, अंडं यांच्या खुणा सापडल्या आणि बाळंतपणातल्या स्रावांच्याही, म्हणजे ती खरंच अंगावर असायची.

नंतर 'चर्चिंग', म्हणजे सोयर फिटल्यासारखं चर्चमध्ये जाऊन आभार मानायचे, मगच दरबारात. 1466 मध्ये चौथ्या एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडविल हिच्या चर्चिंगची मेजवानी एका परदेशी पाहुण्यानं पाहिली, राणी सोन्याच्या खुर्चीवर एकटी जेवतेय, तीन तास कुणी चकार शब्द काढत नाही आणि तिची सख्खी आईसुद्धा गुडघ्यावर!

बंद दारामागं काय चाललंय ते कळत नाही म्हटल्यावर बाहेर अफवा पिकणारच. 1533 मध्ये आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिला मुलगाच होणार असं धरून जन्माची पत्रं आधीच लिहून ठेवलेली, झाली मुलगी, मग 'प्रिन्स'च्या शेपटीला एक एस कोंबून काम भागवलं. 1555 मध्ये स्वतः गादीवर असलेली राणी पहिली मेरी एप्रिलमध्ये हॅम्प्टन कोर्टला आत गेली, महिनाअखेरीला मुलगा झाल्याची आवई उठून लंडनमध्ये घंटासुद्धा वाजल्या, पण मूल नव्हतंच, ऑगस्टमध्ये ती गुपचूप दुसऱ्या महालात गेली.

या सगळ्याचा कळस 1688 मध्ये झाला. दुसऱ्या जेम्सची राणी मेरी ऑफ मोडेना हिला सेंट जेम्स महालात मुलगा झाला तेव्हा खोलीत दरबारी पुरुषांसकट ही गर्दी होती. तरी लोक म्हणाले, बाळ बाहेरचं, अंथरूण शेकायच्या निखाऱ्याच्या भांड्यातून चोरून आणलं! त्या भांड्यात बाळ कसं मावलं, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, कारण प्रॉटेस्टंट इंग्लंडला कॅथलिक राजाचा कॅथलिक वारस नकोच होता. जेम्सनं ऑक्टोबरमध्ये चाळीसहून जास्त साक्षी घेऊन छापल्या, त्यात बायकांनी कळांपासूनचं सगळं सांगितलं, आणि डिसेंबरात त्याला पळूनच जावं लागलं.

पुढं राजघराण्यात बाळंतपण असलं की सरकारचा मंत्री हजर राहायची रीत पडली. 1926 मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या जन्माला ब्रुटन स्ट्रीटवरच्या घरी गृहमंत्री जॉइन्सन-हिक्स आले होते. 1948 मध्ये तिचीच वेळ आली, तेव्हा चार्ल्सच्या जन्माआधी ही पद्धत बंद केली.